खोलीतला खबऱ्या

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाला हसून वजन करायला लागला की मी त्याचं तोंड सोडून काटा बघतो. घरचे म्हणतात, हे जन्मजात आहे. नाही. हे खूळ सत्तरच्या दशकात वाशीमच्या कॉलेजात माझ्या डोक्यात शिरलं, आणि शिरलं ते चुकीच्या माणसावर जाऊन बसलं.

प्रवेशाच्या वेळी नियमांचा छापील कागद मिळाला होता. सोळा नियम. पायजमा घालून तासाला बसू नये. आवारात विडी ओढू नये. मुलींशी विनाकारण बोलू नये. कारण असल्यास ते कोणी ठरवायचं, हे लिहिलेलं नव्हतं. सकाळी अकराला फाटक बंद. हजेरी कमी भरली किंवा तीनदा तक्रार आली तर परीक्षेचा फॉर्म अडवणार. केनवडला ओसरीवर बसून बाबांनी मला तो कागद दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. खाली पालकांचं हमीपत्र होतं. तिथवर येईतो मला कंटाळा आला होता, ते मी भरभर उरकलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

वाशीमला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी, शिरपूरचा माझा आतेभाऊ आणि आसेगावचा एक मित्र. मित्र बौद्ध घरातला. खोली शोधायला गेला की लोक आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि मग खोली आधीच कोणाला तरी दिलेली निघे. मी त्याला आमच्यात घेतलं. आपण किती सुधारलेले, याचा मला फार अभिमान होता. घरून एसटीनं येणाऱ्या डब्यातल्या भाकरी आम्ही तिघं एकत्र बसून खायचो. तो तांब्यात निखारे घालून तिघांच्याही शर्टांना इस्त्री करायचा, आणि माझे निबंध तपासून खुशाल म्हणायचा, "गड्या, हे तू लिवलं का झोपेत लिवलं?"

रविवारी मी घरी जायचो. चुलीपाशी बसून कॉलेजातल्या उचापती सांगायच्या आणि मायला हसवायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम.

दिवाळीआधी एका सोमवारी आम्ही तिघं तास बुडवून दुपारच्या खेळाला सिनेमाला गेलो. दहा दिवसांनी प्राचार्यांनी मला आणि आतेभावाला बोलावलं. कोणता वार, कोणता तास, सगळं त्यांना ठाऊक. "कॉलेजला डोळे असतात," एवढंच म्हणाले. मित्राचं नावसुद्धा निघालं नाही. पुढच्या महिन्यात वर्गाच्या मागच्या भिंतीआड ओढलेल्या विड्यांचं तेच झालं. विड्या तिघांनी ओढल्या, बोलावणं दोघांना. आता दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरी आली की वर्ष पाण्यात.

मग मी जो दिसेल त्याच्यावर संशय घेऊ लागलो. शिपाई माझ्याकडे बघून खोकला तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. चहावाला जास्तच आपुलकीनं बोलतो असं वाटायचं. ग्रंथपालाचा जाड चष्मासुद्धा मला खोटा वाटू लागला. शेवटी आतेभाऊच म्हणाला, "तू साऱ्या गावावर कायले संशय घेतं? ज्याचं नाव येत नाई तोच असन ना."

एकदा तसं बघायला लागलो आणि मित्राची प्रत्येक गोष्ट खुपू लागली. तो ग्रंथालयात इतका वेळ का बसतो? प्राचार्यांना नमस्कार करताना का थांबतो? माझ्या शर्टाला इस्त्री तरी कशाला करतो? आम्ही सापळा लावला. बुधवारी तास बुडवून तलावावर पोहायला जाणार, असं फक्त त्याला सांगितलं. बुधवारी मुद्दाम वर्गात बसून राहिलो. खिडकीतून बघतो तर प्राचार्य स्वतः फाटकाशी उभे.

संध्याकाळी मी त्याला विचारलं. विचारलं कसलं, तोंडावर आरोपच केला.

"माह्यं नाव काहून येत नाई, हे मलेबी समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "पन मी कोनाले काई सांगतलं नाई."

"मग तलावाचं कोनं सांगतलं?"

त्यानं वळकटी बांधली. इस्त्रीचा तांब्या आमचा होता, तो पुसून जागेवर ठेवला आणि गेला. मी अडवलं नाही. उलट त्या आठवड्यात मला मोकळं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसरी खोली त्याला मिळाली नाही. तो आसेगावहून येजा करू लागला. एसटी वेळेवर आली तर फाटक उघडं, नाहीतर पहिला तास बाहेर. मी वर्गातून त्याला फाटकाबाहेर उभा असलेला बघायचो. हजेरी कमी भरली, त्याचा फॉर्म अडला. परीक्षेला मी बसलो, तो बसला नाही. पुढच्या वर्षी तो कॉलेजात दिसलाच नाही.

दोन वर्षांनी मी दाखला घ्यायला गेलो. कारकुनानं माझी फाइल काढली, तर तीन पोस्टकार्डं टेबलावर पडली. अक्षर मी लांबूनच ओळखलं. एकेक अक्षर कोरलेलं, ओळ वर चढत गेलेली. 'माझा मुलगा व माझा भाचा हे दोघे सोमवारी तास बुडवून सिनेमास गेले. सही केल्याप्रमाणे कळवितो.' तिसऱ्यात तलाव होता.

तलावाचं मी मायला सांगितलं होतं. "मेल्या, बुडशीन ना," म्हणून ती हसलीही होती. सापळा लावताना आम्ही साऱ्या वाशीमचा विचार केला. घरचं माणूस माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांवर ओरडलो. ते गोंधळले.

"तूच त वाचून दाखवलं," ते म्हणाले. "पाल्याच्या वर्तनाची माहिती पालक कळवत राहीन, असं लिवलं होतं. सही केली त पाळा लागते. मंग कळवाव नाई काय? आन मी काई खोटं लिवलं काय?"

"खोटंच होतं, बाबा. आमी दोघं नोयतो. तिघं होतो."

बोलून गेलो आणि कळलं, काय बोललो ते. पहिल्या दिवसापासून मी घरी सांगत आलो होतो की खोलीत आम्ही दोघंच राहतो. डब्यातून तिसरा जेवायचा, त्याचं नाव मी या घरात एकदाही घेतलं नव्हतं. म्हणून ते पोस्टकार्डावर नव्हतं. म्हणून प्राचार्यांनी त्याला बोलावलं नव्हतं. आणि म्हणूनच मी त्याला खोलीबाहेर काढलं होतं.

मायचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तिसरा कोन होता रे?" बाबांनी विचारलं.

"कोनी नाई," मी म्हणालो आणि ताट पुढं ओढलं.