राहणाऱ्यांची संख्या

दारात आले की ते आधी मोजायचे. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा, ओठ किंचित हलायचे आणि मग ते म्हणायचे, "तीन. ठीक आहे."

मग चपला काढायच्या. मग नमस्कार.

डहाणूच्या बाजारातल्या त्या ऑफिसात आम्ही होतो दोघंच. साहेब, म्हणजे परवाना असलेले इंजिनिअर, आणि नकाशे काढणारी मी. पहिल्याच दिवशी मी हसून म्हटलं, "काका, आम्ही दोघंच आहोत. तुम्ही स्वतःला धरलंत वाटतं?"

"कंडक्टर स्वतःला मोजत नाही," ते म्हणाले. भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर ना साहेबांनी बॅग ठेवली, ना मी कागद. का, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

अशी निवृत्त माणसं तुम्हीही पाहिली असतील. मास्तर निवृत्त झाला तरी लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासतो. काका आयुष्यभर लाल गाडीवर कंडक्टर होते, म्हणून डोकी मोजत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. फक्त त्यांची मोजणी नेहमी एकाने जास्त भरायची. चहावाला आत आला की "चार". तो गेला की पुन्हा "तीन".

त्यांचं घर कैनाडच्या एका पाड्यावर होतं. आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलते, हे इथे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. भांडी वाजतात, कुत्री अंग चोरतात आणि जमिनीच्या पोटातून एक दबका आवाज येतो. काकांच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, त्या दिवशी काकी अंगणात जाऊन बसल्या, त्या परत घरात आल्याच नाहीत. ताडपत्री बांधून तिथेच राहू लागल्या. चूल बाहेर, झोपणं बाहेर. त्याला दीड वर्ष झालं होतं.

"मागे एक खोली वाढवायची, चांगल्या कॉलमची," काका म्हणाले, "आणि तिच्यावर माळा. तिला घरात आणायचंय मला."

पाड्यावरची माणसं त्यांना समजावत होती, परवानगीच्या भानगडीत पडू नका, बांधून मोकळे व्हा. काकांना ते पटत नव्हतं. "तिकीट फाडल्याशिवाय मी पुढाऱ्याच्या मेव्हण्यालाही बसू दिलं नाही. आता या वयात मीच विनातिकीट राहू?"

आम्ही मोजमापं घ्यायला गेलो ती दुपारची वेळ होती. काकी अंगणात सुपात वाल निवडत होत्या. काकांनी आम्हाला आत नेलं. घर स्वच्छ होतं, पण बाईने सोडलेल्या घरात असते तशी एक शांतता भांड्यांच्या फळीवर बसली होती. मी टेपचं टोक धरून कोपऱ्यात उभी राहिले, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"थांबा. हलू नका."

बाहेर कोंबड्या गप्प झाल्या होत्या. आधी मला काहीच कळलं नाही. मग तळपायांना जाणवलं. घुर्र, घुर्र, एकसारखं, अगदी खालून. माझ्या हातातला टेप थरथरू लागला. फळीवरचा एक पेला सरकत कडेपर्यंत आला आणि थांबला.

"खाली गाडी उभी आहे," काका शांतपणे म्हणाले. "इंजिन चालू आहे. निघायची वेळ झालेली नाही अजून."

आवाज विरला. काकांचा अंगठा पेरांवरून सरकला. "तीन. ठीक आहे."

अंगणातून काकींचा आवाज आला, "अहो, त्याला कशाला मोजता पाहुण्यांसमोर? घाबरतील ना ती."

साहेब काकांबरोबर मागची जागा बघायला गेले. मी बाहेर येऊन काकींजवळ बसले. विचारू की नको असं चाललं होतं. काकींनीच सांगितलं, सुपावरची नजर न काढता.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तलासरीहून डहाणूला येणारी संध्याकाळची गाडी. काकांनी मोजलं तर तिकिटांपेक्षा एक डोकं जास्त. दोनदा गाडीभर फिरले, हिशेब लागेना. मागच्या बाकावर एक माणूस घोंगडी पांघरून खिडकीला टेकला होता. झोपलाय, उतरताना बघू, म्हणून काका पुढे गेले. गाडीला उशीर झाला होता, डेपोत उतरणाऱ्यांची झुंबड उडाली, तो राहून गेला. सकाळी गाडी झाडणाऱ्याला तो तसाच टेकलेला सापडला. थंड. कुठे चढला, कुठे जायचं होतं, कुणाचा कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायला कुणी आलंही नाही.

"तेव्हापासून हे जिथे जातात, तिथे एक जास्तच भरतो," काकी म्हणाल्या. "मी म्हणते, आला तर आला. त्रास तर देत नाही बिचारा."

 त्यांच्या बोलण्यात भीतीचा लवलेश नव्हता. भीती त्यांना फक्त भिंतींची होती.

नकाशा झाला. माळ्याची उंची बेताची ठेवली, नाहीतर कचेरी त्याला मजला धरते. जिना आतून घेतला. अर्ज भरताना एक रकाना आला, राहणाऱ्यांची संख्या. मुलगी लग्न होऊन उंबरगावला गेलेली. मी दोन लिहू लागले, तर काकांनी पेनावर बोट ठेवलं.

"तीन लिही."

"काका, शिधापत्रिकेवर दोन आहेत."

"तीन लिही, पोरी."

मी लिहिलं. महिन्याभराने फाइल परत आली. अर्जात तीन, शिधापत्रिकेत दोन, खुलासा करावा. मी काकांबरोबर कचेरीत गेले. खिडकीतला कारकून तसा भला माणूस होता.

"तिसरी व्यक्ती कोण? नाव सांगा."

"नाव माहीत नाही."

"भाडेकरू?"

"नाही."

"मग तुमचं नातं काय?"

"प्रवासी," ते म्हणाले.

मागे रांगेत कुणीतरी हसलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.  त्याने फाइल बांधून परत दिली.

परतताना मी काकांना म्हटलं, "एका आकड्यापायी काकींना किती दिवस अंगणात ठेवणार?" ते रस्त्यातच थांबले. रिक्षा हॉर्न मारत बाजूने जात होत्या. "एकदा मोजून सोडला त्याला," ते म्हणाले. "पुन्हा नाही सोडवत."

दोन महिने फाइल आमच्या कपाटात पडून राहिली. काका यायचे, मोजायचे, बसायचे. फाइलचं नाव काढायचे नाहीत. साहेब वैतागायचे. तडा रुंद होत चालला होता.

मग एके दिवशी काकी आल्या. ऑफिसच्या उंबऱ्यावर थबकल्या, वर स्लॅबकडे पाहिलं, पदर घट्ट धरला. दीड-दोन वर्षांत छताखाली आलेल्या नव्हत्या. काका स्टुलावरून धडपडत उठले. काकी आत आल्या, सरळ त्या भिंतीकडच्या खुर्चीच्या शेजारी उभ्या राहिल्या, पण तिच्यावर बसल्या नाहीत.

"लिहा दोन," त्या काकांना म्हणाल्या. "तो पाहुणा आहे आपला. पाहुण्याचं नाव कुणी कार्डावर घालतं का? त्याला काय, कागद लागतो? जागा लागते. जागा मी देते."

बोलतानाही त्यांची नजर पुन्हापुन्हा स्लॅबकडे जात होती. काकांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, तीनवर रेघ मारली, दोन लिहिलं आणि शेजारी सही केली. मग मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे बघत अगदी हळू म्हणाले, "नावापुरतंच हं."

परवानगी आली. गोल शिक्क्याचा नकाशा काकांनी दोन्ही हातांनी घेतला. खोली उभी राहिली, वर माळा झाला, चिकूच्या वाडीकडे उघडणारी खिडकी झाली. काकींनी चूल आत नेली, तो दिवस काकांनी पेढे वाटून साजरा केला. पुढे एका दुपारी मोठा हादरा बसला आणि जुनी मागची भिंत, जिच्या पायथ्याशी काकी घरात असताना झोपायच्या, ती अख्खी आत कोसळली. दोघं तेव्हा माळ्यावर होते. नव्या खोलीचा टवकाही उडाला नाही. काका आम्हाला सांगायला आले, पण भिंतीबद्दल फारसं बोलले नाहीत. "वर मस्त वारा येतो," एवढंच म्हणाले. "झोप लागते."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. माळ्यावर दुपारचे झोपले होते. काकी चहाला उठवायला गेल्या, तर झोप संपलेली नव्हती.

बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायचा राहिला होता. दिवसकार्य उरकल्यावर साहेब आणि मी शेवटचं मोजमाप घ्यायला गेलो. काकी जिन्याच्या पायथ्याशी बसल्या होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू जा. आत्ताच डोळा लागलाय."

साहेब फोनवर बोलले तर समोरच्या दुकानात ऐकू जातं. तेच साहेब पाऊल न वाजवता जिना चढले, मागून मी. माळा झाडलेला होता. खिडकी उघडी. मधोमध चटई अंथरलेली, तिच्यावर चादर नीट पसरलेली. कुणी नव्हतं. वारा नव्हता, तरी चादरीची कड मंद वरखाली होत होती, किंवा मला तसं वाटलं.

मी टेपचं एक टोक धरलं, साहेबांनी दुसरं. सरळ मोजायचं तर टेप चटईवरून जाणार होता. साहेबांनी तो उचलून धरला, भिंतीच्या कडेने फिरवला आणि आकडा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला. मी लिहून घेतला. आम्ही तसेच उलट्या पावलांनी, एक-एक पायरी चाचपत खाली उतरलो.

"जागे नाही ना झाले?" काकींनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही काकी," ते म्हणाले. "गाढ झोपलेत."