कौसाबाईची भट्टी

कौसाबाई पहिल्यांदा बँकेत आली ती पदराच्या गाठीत मुरमुरे बांधून. मी तेव्हा गडचिरोलीकडच्या तीन-चार गावांची ग्रामसेविका होते. घरधंद्यासाठी बायकांना छोटी कर्जं मिळायची. त्यांचे अर्ज भरून त्यांना बँकेत न्यायचं काम माझं. साहेबांनी विचारलं, "धंद्याचा अनुभव?" तिने गाठ सोडली आणि मूठभर मुरमुरे अर्जावरच ओतले. "खाऊन पाहा, साहेब. मंग लिवा काय लिवाचं ते." साहेबांनी दोन दाणे तोंडात टाकले, आणि मग सगळेच संपवले.

पंधरा वर्षं ती गावातल्या दुकानदाराच्या भट्टीवर मजुरीने मुरमुरे भाजत होती. "दुसऱ्याच्या आगीपुढं लय बसली, बाई," ती म्हणायची, "आता आग माह्या घरची पायजे." तिचा नवरा देवाजी मात्र बिथरला. "बाईमानसाले बँक कायले पैसे देते? काई तरी खोट हाये यात," म्हणत त्याने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर तोच अंगणात माती तुडवत होता. भट्टी त्याने स्वतःच्या हाताने घातली. कौसाबाई मला बाजूला नेऊन हळूच म्हणाली, "बोलत नाई अजून. पन पाहा, कशी गोल घातली!"

आठवडी बाजारात तिच्या टोपलीपुढे गर्दी होऊ लागली. कुणी घासाघीस केली, की ती हसून एक मूठ जास्तच टाकायची. "घे माय, भांडू नोको. लेकरं वाट पाहून राह्यले असतीन."

दुसऱ्या वर्षी महाशिवरात्रीची जत्रा जवळ आली. मीच तिला म्हटलं, या वेळी दुप्पट माल कर.

"सरपन नाई पुरत, बाई."

"मग दोन मोळ्या जास्त आण."

किती सहज म्हणाले मी. गावालगतच्या झुडपांत वाळकं लाकूड उरलं नव्हतं. ती नाल्यापलीकडच्या जंगलात, आत गेली. सोबतच्या बायका मोळ्या घेऊन परत निघाल्या. ती आणखी एक मोळी बांधायला मागे थांबली. वाघाने तिला तिथेच गाठलं.

त्या घरी जायचं धाडस व्हायला मला महिना लागला. देवाजी भट्टीपुढे बसला होता. कढईतल्या तापल्या रेतीत तो तांदूळ टाकत होता आणि ते फुलायच्या आधीच काळे पडत होते. बाजूला करपलेल्या दाण्यांचा ढीग होता.

"भाऊ, चूक माझी," मी म्हणाले. "मीच तिला जास्त लाकडं आणायला सांगितलं."

त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. कढईतले काळे दाणे त्याने ढिगावर टाकले आणि म्हणाला, "रेती किती तपू द्याची असते, बाई? तुमी बसत होत्या ना तिच्यापाशी. तिनं कधी सांगतलं काय?"

मी आठवून पाहिलं. कितीदा तिच्याशेजारी बसले होते, गरम मुरमुरे खाल्ले होते, हप्त्यांचं आणि बाजाराचं बोलले होते. हे विचारलंच नव्हतं.

"नाही, भाऊ," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि पुन्हा मूठभर तांदूळ रेतीत टाकले.