दुसऱ्यांच्या परछ्या

गोंदियात ज्याला घर नाही असा माणूस दिसला, की त्याला दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवायचा हक्क ब्रह्मदेवानं आपल्यालाच लिहून दिला आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की समजूत होती. सडाफटिंग माणूस, बिडीच्या कारखान्यातून म्हातारपणी सुटलेला, फुलचूरच्या रस्त्यावर भाड्याची एक खोली, आणि दिवसभर उद्योग एकच, लोकांच्या परछ्या पाहणं. परछी म्हणजे घरापुढचा कौलांखालचा ओटा. उन्हाळ्यात खाटा टाकायच्या, एरवी नुसता रिकामा. मामाजी तो पावलांनी मोजायचे अन् पुटपुटायचे, "दोन माणसं, एक चूल." कुणाच्या परछीत कुठे गळतं हे घरमालकाच्या आधी त्यांना ठाऊक असायचं.

मोहल्ल्याला मतं पुष्कळ होती. स्टेशनाबाहेर झोपणाऱ्यांना म्युनिसिपल कमेटीनं हाकलावं, हे वकीलसाहेबांचं मत. "पहले चोरी होगी, फिर हैजा आएगा," हे तेलवाल्या शेठजींचं. मामाजी मान डोलवत सगळं ऐकून घ्यायचे अन् शेवटी म्हणायचे, "बराबर हाये तुमचं. आता परछी कधी देता, थे सांगा." एकदा मी मालधक्क्यावरची कारकुनी आटोपून घरी येतो, तर परछीत बुरूड नवरा-बायको, त्यांच्या टोपल्या, अन् माझ्या खाटेवर त्यांची कोंबडी! माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडायच्या आत मामाजी म्हणाले, "जावईबापू, तुमी कायले तापून राह्यले? तुमाले तं आत घर हाये." बायको तोंडाला पदर लावून हसत होती. ती मंडळी तीन महिने राहिली, अन् खरं सांगतो, गेली तेव्हा कोंबडीवाचून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग लढाई आली, माणसं कामासाठी गावात लोटली, भाडी चढली. शहाण्यांनी परछीला तट्टे ठोकून खोल्या केल्या अन् भाड्यानं दिल्या. पहिला शहाणा मीच. त्या वर्षी ऐन पुसाच्या थंडीत छत्तीसगडकडून एक जोडपं गाडीतून उतरलं, बाईचे दिवस भरत आलेले. मामाजी दिवसभर दारोदार फिरले. वकीलसाहेब नाही म्हणाले, शेठजी नाही म्हणाले. माझ्या दारी आले तेव्हा मी नुसतं तट्ट्याकडे बोट दाखवलं. "आता कुठं ठेवाल त्यांना?" मी विचारलं. "हाये ना एक जागा," ते म्हणाले. ती जागा म्हणजे त्यांची स्वतःची खोली. एकाच खोलीत बाळंतीण अन् आपण कसं राहायचं, म्हणून पत्र्याची पेटी अन् घोंगडी घेऊन म्हातारा बाहेर पडला.

पुढे रस्त्यात भेटले की मी विचारायचो, "मामाजी, मुक्काम कुठं?" "लागली सोय," इतकंच. मला वाटलं, वकीलसाहेबांकडे असतील. वकीलसाहेबांना वाटलं, शेठजींकडे. शेठजींना वाटलं, सख्खी भाची गावात असताना म्हातारा दुसरीकडे जाईल कशाला! साऱ्या गावाची सोय लावणाऱ्याची स्वतःची सोय नसेल, हे कुणाच्या टाळक्यातच आलं नाही. दीड महिन्यानं भाताच्या गिरणीतल्या हमालांनी त्यांना कोंड्याच्या कोठीतून बाहेर काढलं, तापानं फणफणलेले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेले. स्मशानात आम्ही तिघं एकमेकांना विचारत होतो, "म्हणजे तुमच्याकडे नव्हते?" लाज वाटली हो, फार लाज वाटली.

तेराव्याला ती छत्तीसगडची बाई तान्ह्या पोरीला घेऊन आली अन् थेट माझ्या पाया पडली. "बबा कहत रिहिस, मैं दमाद घर रहिथंव, उहां बहुत जगा हे," म्हणाली. जावयाकडे राहतो, तिथं भरपूर जागा आहे, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. तसं सांगितलं नसतं, तर ती त्या खोलीत राहिलीच नसती. बबांना आजारपणात फार त्रास झाला का, तिनं विचारलं. बायको उठून आत निघून गेली. मी म्हणालो, "नाही. आमच्याकडेच होते. सुखात होते." त्या बिचारीनं डोळे पुसले, पोरीला कडेवर घेतलं अन् समाधानानं खोलीवर परत गेली.