तांब्याच्या पानावरचा अंगठा

आक्का माझ्या शेजारची. विड्या वळून वळून तिची छाती गेली आणि डॉक्टरांनी बजावलं, तंबाखूच्या जवळही जाऊ नका. मी तेव्हा विड्या सोडून निपाणीतल्या एका शेडमध्ये तांब्याची कानातली करत होते. तिला तिथे मीच नेलं. चांगुलपणा कसला, रिक्षाला सोबत हवी होती.

काम म्हणजे कानातल्यांची तांब्याची पानं पुसून ठेवायची, मग एकेक चिमट्यात धरून गॅसची गन फिरवायची. आधी नारिंगी रंग चढतो, मग गुलाबी, जांभळा, शेवटी निळा. ज्योत काढली तरी रंग थोडा पुढे पळतो, म्हणून हवा तो रंग येण्याआधीच थांबायचं. हे कळायला मला चार महिने लागले. आक्काला चार दिवस. तिची सगळी पानं एकसारखी निळी निघायची आणि मालक ती माझ्यासमोर धरायचे. मला तिचा राग यायचा, फार यायचा.

सणानंतर मागणी घटली. मालक म्हणाले, "गनवर एकच बाई ठेवणार. उद्या दोघींनी वीस-वीस पानं करून दाखवा."

घरी जाताना आक्का म्हणाली, "हितनं काढलं तर परत तंबाखूच हाय गं माझ्या नशिबी."

"तुला कोण काढतंय?" मी म्हटलं. तंबाखूत मलाही परतायचं नव्हतं. पण माझी छाती ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला उठली. मी तेल लावलेल्या केसांतून अंगठा फिरवला आणि तिच्या पुसलेल्या पानांवर एकेक करून दाबला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तांब्यावर तेल दिसत नाही. ज्योत लागली की दिसतं.

रंगाबरोबर डाग वर आले. ती घाबरून पुन्हा पुन्हा ज्योत देत राहिली, पानं काळपटली. मालकांनी कानडीत "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणत गन तिच्या हातातून काढून मला दिली. मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

निघताना ती एक पान घेऊन माझ्यापाशी आली. त्यावर अंगठा उमटला होता, मधोमध आडवी रेघ. माझ्या अंगठ्यावर विडीच्या कात्रीचा जुना वण आहे. तिनं माझा हात धरला आणि अंगठा त्या डागावर ठेवला.

"बसतंय की गं," एवढंच म्हणाली. मालकांना काही सांगितलं नाही.

मी अजून गनवर आहे. ती दारात बसून विड्या वळते. पाणी आम्ही एकाच नळावर भरतो. ती खोकायला लागली की मी माझी कळशी लांब सरकवते.