हात लावायची परवानगी

कापसाच्या भावाने साऱ्या जिल्ह्याची झोप उडवली होती, त्या वर्षांत दारव्ह्याकडे पाहुणे फार येत. दिल्लीचे, मुंबईचे, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले. त्यांना दाखवायला काहीतरी असावं म्हणून मी ज्या संस्थेत कारकून होते, तिने जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये शेतीचं संग्रहालय उघडलं. पेरणीची तिफण, कोळपणीचा डवरा, कापसाचे नमुने आणि मधोमध प्लास्टरचा एक शेतकरी. सगळ्याभोवती दोरी, दोरीवर पाटी: वस्तूंना हात लावू नये. हे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं टेबल दाराजवळ होतं.

मग वरून पत्र आलं. संग्रहालय अंध आणि कर्णबधिर लोकांनाही पाहता आलं पाहिजे, काय सोय केली ते कळवा. आमच्या साहेबांनी दोन दिवसांत सोय केली. अंधांसाठी चार ट्यूबलाइट वाढवल्या आणि कर्णबधिरांसाठी लाउडस्पीकर बसवला. त्यावर माझ्याच आवाजातली माहितीची टेप वाजे.

मी म्हटलं, "साहेब, कुणाला तरी बोलावून एकदा बघायचं का?"

"बोलवा," साहेब म्हणाले, "पण पाहुणे यायच्या आत."

आमच्या गल्लीत एक निवृत्त ग्रेडर काका राहत. कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. पुढे शुगरने त्यांची नजर गेली. काकूंचे कान त्याआधीच एका तापात गेले होते. मी दोघांनाही घेऊन आले.

घाबरून मी पहिल्याच मिनिटाला घोळ घातला. काकांच्या कानाशी जाऊन ओरडले, "ही तिफण!" आणि काकूंना तेच हळू आवाजात सांगितलं.

"पोरी, माहे डोये गेले," काका म्हणाले. "कान शाबूत हायत."

काकूंनी लाउडस्पीकरवर हात ठेवला. "हे डबडं थरथरून राह्यलं. काय म्हणते?" मी टेपमधला मजकूर कागदावर लिहायला बसले.

तेवढ्यात काकांनी विचारलं, "तिफण हाय कुठं?"

"दोरीपलीकडे. पण काका, हात लावायला मनाई आहे. पाटी आहे तशी."

"मले पाटी दिसत नाही," असं म्हणून ते दोरीखालून आत गेले.

तिफण त्यांनी वरपासून खालपर्यंत चाचपली. "बियाचं चाडं उलटं बसवलं. यात बी टाकसान, तर सारं पेरणाऱ्याच्या पायावर पडन." मग नमुन्यांकडे वळले. एकेका ताटलीतला कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला. "इथं काय लिहिलं?"

"लांब धागा."

"हा आखूड हाय. लांबवाला तिकडच्या ताटलीत." चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या.

शेवटी ते प्लास्टरच्या पुतळ्याशी आले. चेहरा, खांदे करत हात सुटलेल्या पोटावर आले आणि तिथेच थांबले. "हा कोन?"

"शेतकरी."

"कोन्या सालचा?"

मूर्तिकाराला समोर उभं राहायला कुणी मिळालं नव्हतं, म्हणून साहेबच उभे राहिले होते. आत्ताही ते माझ्या शेजारीच होते. त्यांनी श्वास आत ओढला, मला खिडकीशी नेलं आणि कुजबुजले, "यांना चहा पाजा आणि वाटेला लावा."

शेडच्या दुसऱ्या टोकाहून काकू म्हणाल्या, "चहा घेतो साहेब. पन अजून अर्धं पाह्याचं हाय."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी सांगितलं, "त्या ओठांवरून ओळखतात." त्यानंतर साहेब दिवसभर तोंडावर रुमाल धरून बोलले.

वर काहीतरी सोय कळवायची होती, म्हणून दोरी मात्र निघाली. टेपमधला सगळा मजकूर मी मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यांवर लिहिला. काकू मागे उभ्या राहून चुका काढत होत्या. काकांनी चिठ्ठ्या बदलून घेतल्या. पाहुणे आले तेव्हा साहेबांनी हे सगळं "आमची स्पर्श-योजना" म्हणून दाखवलं. मी काही बोलले नाही, कारण दोरी पुन्हा लागायला नको होती.

काका मग बाजाराच्या दिवशी नमुन्यांच्या टेबलाशी स्टूल टाकून बसू लागले. एरवी आमच्याकडे न फिरकणारे शेतकरी मूठभर कापूस घेऊन यायला लागले. काका तो दाबून पाहत. "ओल हाय. दोन दिवस उनात पसर, मंगच इकायले ने."

एकदा कुणी नव्हतं तेव्हा मीही डोळे मिटून दोन ताटल्यांतला कापूस चाचपून पाहिला. मला दोन्ही उशीसारखेच लागले.

"काय समजलं?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही."

त्यांनी दोन्ही पुंजके पुन्हा माझ्या हातात ठेवले. "मंग परत पाह्य. घाई कायची हाय?"