पहिल्या पंगतीची आमटी

डॉक्टरांनी तानीला वजनकाट्यावरून उतरवले, काटा रिकामा असताना शून्यावर येतो की नाही ते पाहिले आणि तिला पुन्हा वर उभे केले. आकडा तोच आला. मागच्या तपासणीपेक्षा दोन पौंड कमी.

"काट्यात दोष नाही," ते म्हणाले.

संस्थेचे सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "बाई, साताऱ्याच्या बोर्डिंगातही लहान मुली आहेत. तिथे प्रत्येकीचे वजन वाढले आहे. स्केल तेच, पैसेही तेच. मग इथेच असे का?"

लढाईची वर्षे होती. सांगलीच्या मुलींच्या बोर्डिंगात मी सुपरिंटेंडेंट होते. स्केल म्हणजे दरडोई ठरवून दिलेले माप. ज्वारी इतकी, तांदूळ इतका, डाळ इतकी, तेल आणि गूळ इतका. त्यापलीकडे वाणसामानाला एक आणाही मिळत नसे. दूध फक्त आजारी मुलीला. या मापात पस्तीस मुली नुसत्या जगवायच्या नव्हत्या, धडधाकट ठेवायच्या होत्या. त्यांतल्या थोरल्या ठीक होत्या. आटपाडीकडून आलेल्या सात धाकट्या मात्र वाळत चालल्या होत्या. ओठांच्या कडा फुटलेल्या, केस गवतासारखे कोरडे. दुपारच्या तासाला त्या फळ्याकडे बघत असतानाच पेंगत.

"दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "फरक दिसला नाही तर या सात जणींना घरी पाठवू. परक्याचे मूल आपल्या हाती खंगले, असे व्हायला नको."

घरी म्हणजे शाळा संपली. ते तानीलाही कळले. काट्यावरून उतरता उतरता ती म्हणाली, "बाई, म्या जास्ती जेवीन. पर घरी नगा धाडू."

त्या क्षणी माझ्या मनात आधी तानी यायला हवी होती. आधी आल्या त्या साताऱ्याच्या सोनाबाई.

सोनाबाई फलटणजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा पलटणीत होता, तो गेला. त्या साताऱ्याच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण म्हणून आल्या आणि चार वर्षांत सुपरिंटेंडेंट झाल्या. शिक्षण चौथीपर्यंतचे. मी कॉलेजात काव्य शिकलेली, वृत्ते मुखोद्गत असलेली. आहारशास्त्राची इंग्रजी पुस्तके मी मागवून वाचत असे. तरीही दर बैठकीत त्यांच्या मुलींचे गाल आणि माझ्या मुलींचे गाल शेजारी मांडले जात. ते ऐकताना माझ्या जिभेवर कच्च्या हिरड्याची चव येई.

मी कामाला लागले. पीठ चाळणे बंद केले. कोंड्यातच धान्याचे सत्त्व असते. भाताची पेज फेकली जात होती, ती आमटीत घालायला लावली. बाजार उठताना राजगिरा-तांदुळजाचा पाला मातीमोलाने मिळे. त्याची कोरडी भाजी धाकट्या मुली पानाच्या कडेला सारून ठेवत, म्हणून तोही चिरून आमटीतच शिजवला. वर दाण्याचे कूट. हे सारे ठरलेल्या पैशांत बसत होते. माझी आमटी म्हणजे एका पातेल्यात मांडलेला चौरस आहार होता, आणि मला तिचा अभिमान होता.

महिनाभरात थोरल्या मुलींच्या कांतीवर तकाकी आली. धाकट्या होत्या तशाच राहिल्या.

तेव्हा माझी खात्री झाली की सोनाबाईंकडे काहीतरी गुपित आहे. कुणी ओळखीचा दुकानदार, चोरून येणारे तूप, एखाद्या जमीनदाराची गुळाची ढेप. ते शोधण्यासाठी मी साताऱ्याला गेले. पत्रात मात्र 'आपली पद्धत पाहावयाची आहे' असे लिहिले.

त्यांच्या स्वयंपाकघरात भाजलेल्या जवसाचा वास दरवळत होता. मी कोठीत शिरले. डबे उघडले, पोती चाचपली, फडताळाच्या मागेही डोकावले. ज्वारी आमच्यासारखीच, खडे असलेली. डाळ तर आमच्याहून जुनी.

सोनाबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आवं बाई, काय हुडकताय? तूप हुडकत असाल तर न्हाई गावायचं. घुशीबी दमल्या हुडकून."

"मी साठवणीची पद्धत पाहते आहे," मी म्हटले.

"बघा की. पर पोरी पोत्यातनं खात न्हाईत, ताटातनं खात्यात. पंगत बसतीया, चला. दोन घास खावा."

गाडीची वेळ झाल्याचे सांगून मी निघाले. खरे तर गाडीला बराच अवकाश होता. त्यांच्या हातचे जेवण चांगले लागेल, याचीच मला भीती वाटत होती. सातारा रोड स्टेशनच्या फलाटावर दीड तास बसून मी त्यांच्यावर रागावत राहिले.

पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरींचे पत्र आले. सोनाबाई चार दिवस सांगलीला येत आहेत, त्यांचे मार्गदर्शन घ्यावे. 'मार्गदर्शन' हा शब्द मी तीनदा वाचला.

त्या एक गाठोडे घेऊन आल्या. ना कोठी पाहिली, ना डबे उघडले. म्हणाल्या, "जेवायला कवा बसत्यात?"

आमचे जेवणघर लहान होते, म्हणून दोन पंगती होत. पहिली धाकट्या मुलींची. लहान जिवांना भूक आधी लागते, हा नियम मीच घातला होता. दुसरी थोरल्यांची. माझे ताट स्वयंपाकीण गोदाक्का दुसऱ्या पंगतीनंतर माझ्या खोलीत आणून देई.

सोनाबाई तानीशेजारी मांडी घालून बसल्या आणि पोटभर जेवल्या. धाकट्या उठल्या, थोरल्या बसल्या. सोनाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा ताट वाढून घेतले आणि पुन्हा जेवल्या. गोदाक्काने तोंडाला पदर लावला. रेशनच्या दिवसांत दोनदा जेवणारी पाहुणी पाहून मला मनातून फार बरे वाटले. सेक्रेटरींना हे कसे कळवावे, त्याची वाक्येही मी रचू लागले.

मग त्यांनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे दोन वाट्या होत्या. पहिल्या पंगतीतली एक त्यांनी न खाता बाजूला ठेवली होती.

"बाई, आमटी येकाच पातेल्यातली न्हवं?"

"हो."

"मग ही वाटी तळं आन् ही डोंगर, असं कसं झालं?"

पहिल्या वाटीत पिवळे पाणी होते. त्यावर फोडणीचा लालसर तवंग, मोहरीचे चार दाणे, कढीपत्त्याचे एक पान. दुसऱ्या वाटीत डाळ, राजगिरा आणि कूट यांचा असा दाट गोळा होता की बोट रुतले असते.

"गोदाक्का, ढवळत का न्हाईस गं?" सोनाबाईंनी विचारले.

गोदाक्काने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "बाईंनीच सांगितलंय जी. तवंग मोडायचा न्हाई म्हून."

खरे होते. मीच सांगितले होते. रेशनच्या तेलात जेमतेम एक फोडणी होई. ती आमटीवर पडली की केशरी नक्षी उमटे, हिंगाचा वास अंगणापर्यंत जाई. डावाने ढवळले की सारे गढूळ. उपाशी मुलांच्या डोळ्यांना तरी काही सुंदर मिळावे, म्हणून मी गोदाक्काला बजावले होते की ओगराळे वरच्या वर, हलक्या हाताने बुडवायचे. ती नक्षी मी धाकट्यांना देत आले होते. तळाचे सत्त्व थोरल्यांना जात होते आणि सर्वांत शेवटचे, सर्वांत दाट, माझ्या ताटात. पहिल्या पंगतीची आमटी मी कधी चाखलीच नव्हती. पेज, पाला, कूट अशी जी जी भर मी महिनाभर घातली, ती सारी खाली बसली होती.

मला सोनाबाईंनी हसावे असे वाटत होते. म्हणजे रागावता आले असते. त्या म्हणाल्या, "दिसायला लय झ्याक हाय बगा. पर पोरींच्या पोटाला डोळं नसत्यात."

दुसऱ्या दिवसापासून गोदाक्का वाटीगणिक तळापासून डाव फिरवू लागली. धाकट्या आणि थोरल्या दोन्ही पंगतींत मिसळून बसू लागल्या. वाणसामानात दमडीची वाढ झाली नाही. आठवड्यात ओठांच्या कडा मिटू लागल्या. तानी दुपारच्या तासाला जागी राहून शेजारणीशी बोलते, अशी तक्रार शाळेतून आली.

ठरलेल्या तपासणीला डॉक्टरांनी सातही जणींना काट्यावर चढवले. सातही आकडे वाढलेले होते. कुणालाही घरी पाठवायचे नाही, असे सेक्रेटरींनी तिथेच सांगितले. मग मला विचारले, "उत्तम. हे नेमके काय केलेत तुम्ही?"

खोलीत गोदाक्का नव्हती. सोनाबाई साताऱ्यात होत्या. मला नुसते 'वाढण्याची पद्धत सुधारली' एवढेच म्हणता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. ते वाक्य माझ्या ओठांवर तयार होते, चांगले घडीव होते. समोर तानी पायांत चप्पल सरकवत होती.

"चूक माझी होती. ती सोनाबाईंनी दाखवली," मी म्हटले. इतके बेढब वाक्य मी त्यापूर्वी कधी बोलले नव्हते.

सेक्रेटरींनी मान डोलावली. महिन्याभरात संस्थेच्या सर्व बोर्डिंगांच्या स्वयंपाकघरांवर तपासनीस म्हणून सोनाबाईंची नेमणूक झाली. त्या जागेसाठी माझाही अर्ज होता.

पुढे मी वीस वर्षे बोर्डिंगे चालवली. नवी सुपरिंटेंडेंट आली की तिला मी एवढेच सांगत असे की कोठीत काय आले ते लिहून ठेवा, पण मुलीच्या वाटीत काय पडले ते तिच्याशेजारी बसून पाहा. एकदा पहिल्या पंगतीत, एकदा शेवटच्या. हा धडा मी कित्येक जणींना दिला. तो मला सोनाबाईंकडून मिळाला, हे मला आजही आवडलेले नाही.