तीन चर्च, एक पेटी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! वेगवेगळ्या चर्चची माणसं एका टेम्पोत बसवा, मधे एक पेटी ठेवा, बस्स. आमच्या निपाणीच्या भजनी मंडळात कित्येक वर्षं हेच चाललंय. बारसं असो, मयत असो, नाताळ असो, बोलावणं आलं की आम्ही निघालो. गाणं एक आणि डोकी पाच!

आधी ओळख करून देते. पेटीवर दावीदअण्णा. ते मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचे, मी पण तिथलीच. गाणारी फिलोमिनाआक्का कॅथलिक, माहेर खानापूरकडं, गुंजीला. दुसरा आवाज सॅमसनचा. तो रिक्षा चालवतो आणि विश्वासणाऱ्यांच्या सभेला जातो, म्हणजे नदीत पूर्ण बुडाल्याशिवाय बाप्तिस्मा झाला असं ज्यांना वाटतच नाही त्यांच्यात. ढोलकीवर बाळाप्पा. तो सदलग्याचा जैन, इथं खताचं दुकान आहे. "देवाचं तुम्ही बघा, ताल माझ्याकडं द्या," म्हणून एकदा आला तो आजतागायत आहे.

आणि मी टाळ वाजवते. मराठी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे 'बाई' म्हणतात. टाळापेक्षा माझं तोंडच जास्त वाजतं असं अण्णांचं मत. असू दे.

*

सॅमसन कायम अण्णांच्या मागं लागलेला. "अण्णा, तान्ह्या पोराच्या कपाळाला चार थेंब लावले, त्येला काय बाप्तिस्मा म्हणत्यात व्हय? बुडाय पायजे, बुडाय!" अण्णा नुसते हसायचे.

एका नाताळात आक्काच्या माहेरी गुंजीला गेलतो. सकाळी अण्णा ओढ्यावर तोंड धुवायला गेले आणि शेवाळावरनं पाय सटकला. टोपीसकट, स्वेटरसकट आत! सॅमसन धावला, दंडाला धरून त्यांना वर काढलं. अण्णा नाकातलं पाणी शिंकरतायत आणि हा दोन्ही हात वर करून ओरडतोय, "हालेलुया! अण्णा, झालं एकदाचं!"

"ह्यो बाप्तिस्मा धरायचा न्हाय!" अण्णा कुडकुडत म्हणाले. "पित्याचं नाव कुणी घेतलं? बुडताना मी 'आई गं' म्हणालो!"

काठावर आक्का टॉवेल घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आई म्हणालात न्हवं? मग अण्णा, तुम्ही आमच्या मरियमआईच्यात आलात!"

*

बाळाप्पा दिवस मावळल्यावर जेवत नाही. कांदा-लसूण नाही, अंडं तर नाहीच.

आता नाताळची घरोघरी गाण्याची फेरी कधी काढायची यावर आमच्या तिन्ही चर्चचं कधी जमायचं नाही. आमचे म्हणायचे, आधी उपासना. आक्काचे म्हणायचे, मिस्सा झाल्याबिगर न्हाय. सॅमसनचे तर म्हणायचे, पंचवीस तारीख बायबलात कुठं लिहिलीय ती आधी दाखवा! शेवटी बाळाप्पाला उजेडात जेवायला पाहिजे म्हणून फेरी दुपारीच निघायला लागली, आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. आता तर तिन्ही चर्चच्या बायका बिनअंड्याचा केक करतात. त्याच्यासाठी वेगळा कशाला म्हणून सगळेच तो खातात.

गेल्या नाताळात एका घरी बेंगळूरहून पाहुणी आलती. नवीनच विश्वासात आलेली, उत्साह लई. बाळाप्पाला कोपऱ्यात गाठून विचारते, "ब्रदर, तुमचं तारण झालंय का?"

बाळाप्पा खिडकीतनं बाहेर बघत म्हणाला, "न्हाय वो ताई. अजून जेवणच झालं न्हाय, आणि दिवस बुडाय आलाय!"

ती बिचारी मुकाट्यानं ताट वाढायला उठली.

*

आक्का आणि सॅमसनचं भांडण मरियमेवरनं, येशूच्या आईवरनं. "आक्का, थेट देवाशी बोला की! मधे त्या आईला कशाला त्रास?" हे तो दर तालमीला म्हणणार. आणि आक्का म्हणणार, "तू तुझ्या बाबांकडं पैसे मागायचास तवा आईला मधे घालत न्हवतास?" एवढं झालं की मग गाणं सुरू.

सॅमसनच्या बायकोचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं. भर दुपारी आक्काला दवाखान्यातनं फोन. गडी रडत होता. "आक्का, मी हिकडं थेट बोलतोयच. पण तुमच्या त्या आईला पण सांगा की जरा!"

आक्का भांडी तशीच टाकून मेणबत्ती लावायला पळाली. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला आम्ही सगळे गेलतो. पाळण्यात नाव काय घातलं? मरियम!

मी म्हटलं, "काय रं सॅमसन?"

"मोशेच्या बहिणीचं नाव हाय ते बाई!" तो घाईघाईनं म्हणाला. "जुन्या करारातलं!"

 आक्का पाळणा हलवत बसली होती.

*

अण्णांच्या आईला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. हिंडलग्याला लेकीकडं राहते, सणाला निपाणीला येते. कान गेले, दात गेले, आवाज तेवढा ठणठणीत. नातवानं कानाचं मशीन आणलं तर म्हणाली, "मला ऐकून काय करायचंय? मला बोलायचंय!"

तिची प्रार्थना पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. माझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरी आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सुरू झाली, "देवा, ह्या बाईचं गुडघं बरं कर. लई पळापळ करत्या बिचारी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "आणि जमलं तर तोंड पण जरा बारीक कर."

सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' कुणी म्हटलं असेल? दावीदअण्णांनी!

*

आता जे सांगते त्यात हसण्यासारखं कमी आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सप्टेंबरात आक्काच्या चर्चला मरियमेचा सण होता. त्यांचे पेटीवाले मास्तर तापानं आडवे झाले. आक्का अण्णांकडं आली. अण्णा म्हणाले, "गाणं देवाचंच न्हवं? चल." मिरवणुकीत पुढं मूर्ती, मागं टेम्पोत अण्णा आणि त्यांची पेटी. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि दिवे लागायच्या आत आमच्या चर्चच्या ग्रुपवर आला.

कमिटी बसली. आमच्यात मूर्ती चालत नाही; तिच्या मिरवणुकीत पेटी वाजवली म्हणून अण्णांना एक वर्ष प्रभुभोजन बंद! महिन्याच्या पहिल्या रविवारी वेदीपाशी जाऊन भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला घोट घ्यायचा, आमच्यात याच्यापेक्षा मोठं काही नाही. बायकोला माती दिली त्याच आठवड्यात अण्णा वेदीपाशी आले होते, एवढा त्यांचा जीव त्यात.

मग कमिटीच्या लक्षात आलं, दुसरं कुणी पेटी वाजवणारं नाही. म्हणून ठरावाच्या खाली एक ओळ वाढवली, 'वाजवण्यास हरकत नाही.'

माझं डोकंच फिरलं. तशीच पाळकसाहेबांच्या घरी गेले. "साहेब, माणूस चालत न्हाय आणि त्याची पेटी चालते व्हय?"

साहेब तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. खाली बघून म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही. पण मीच मोडला तर उद्या इथं कोण कुणाचं ऐकेल?" मी फाटक आपटून घरी आले.

सॅमसन अण्णांना म्हणाला, "आमच्याकडं या, अण्णा. एकदाच नदीत बुडा, मग दर रविवारी देतो." आक्का डोळे पुसत म्हणाली, "आमच्याकडं या. फादरना सांगते. पण आधी आमच्यात यायला लागतंय."

अण्णा म्हणाले, "मी कुठं जात न्हाय. देवानं मला काढलेलं न्हाय, मग मी कशाला जाऊ?" आणि मग म्हणाले, "फक्त अव्वाला कुणी सांगू नका. ती जेवायची न्हाय."

आमच्याकडं प्रभुभोजन घेणारा शेवटचा माणूस नेहमी अण्णा. सगळ्या रांगा जाऊन येईस्तोवर ते वाजवणार, कडवं पूर्ण करणार, भाता मिटणार आणि मग वेदीकडं जाणार. लाईट गेली, पट्ट्यांवर पाल पडली, तरी त्यांची पेटी मधेच थांबलेली मी कधी ऐकली नाही. ठरावानंतर शेवटची रांग परत आली की अण्णा मान खाली घालून नुसतं पुढचं कडवं धरायचे. मला ते बघवायचं नाही. टाळ हातात जड व्हायचे.

*

नाताळला अव्वा तापामुळं आली नव्हती, ईस्टरला आली.

त्या दिवशी प्रभुभोजन असतंच, आणि मंडळ आमच्या चर्चमध्ये गातं. पेटीशेजारी आम्ही सगळे, आणि पहिल्या बाकावर माझ्या जवळच अव्वा. दात नसल्यामुळं ती तुकडा हातात घेऊन जागेवर येते आणि सावकाश चघळत खाते. तशीच ती येऊन बसली.

शेवटची रांग परत आली. अण्णांनी कडवं संपवलं. अव्वा मान वळवून बघायला लागली, आता ह्यो उठंल. अण्णांनी पुढचं कडवं धरलं.

अव्वानं मला कोपरानं ढोसलं. "माझ्या लेकाला का न्हाय दिलं गं?"

अख्ख्या चर्चला ऐकू गेलं. एरवी वाजणारं माझं तोंड, पण मी टाळांची दोरीच नीट करत बसले. शेजारी आक्कानं पदर तोंडाला लावला. सॅमसन छताकडं बघत होता.

अव्वानं पेटीकडं नीट बघितलं. अण्णांचा एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. मग तिनं स्वतःच उत्तर काढलं. "हां! हात गुंतल्यात व्हय त्याचं!"

काठी टेकत उठली आणि पेटीपाशी गेली. आपल्या हातातला तुकडा मोडला आणि अर्धा लेकाच्या तोंडापुढं धरला.

"दाव्या, आ कर!"

साठी उलटलेला माणूस. अण्णांनी वेदीकडं बघितलं. कमिटीच्या बाकाकडं बघितलं. मग आईकडं बघितलं आणि आ केला. हात चालूच होते.

कुणीतरी खाकरलं. अव्वाला ते कुठलं ऐकू येतंय! ती वळली आणि वेदीजवळ उभ्या असलेल्या पाळकसाहेबांवर ओरडली, "आन् कोरडंच गिळायचं व्हय त्यानं? पेला आणा की हिकडं! तुमचं हात तर मोकळं हायत न्हवं?"

पाळकसाहेबांनी कमिटीच्या बाकाकडं बघितलं नाही. पेला दोन्ही हातांनी धरून ते पायऱ्या उतरले.

आणि अण्णांची पेटी कडव्याच्या मधेच थांबली.